शेवटची गाडी आपली नाही

क्रूझवरून परत आल्यापासून भुसावळात भेटेल तो एकच प्रश्न विचारतो. जेवण कसं होतं, समुद्र लागला का, हे सगळं नंतर. आधी हे की, "फिरायला खाली उतरलो आणि यायला उशीर झाला, तर जहाज खरंच सोडून जातं का हो?"

जातं. खुशाल जातं. वर अडीच-तीन हजार माणसं बसलेली असतात, खाली राहिलेल्या दोघांसाठी कोण थांबणार? माझी सगळी नोकरी रेल्वेत, भुसावळ विभागाच्या कंट्रोल ऑफिसात गेली. त्यामुळे मला यात नवल वाटलं नाही. बंदरातला धक्का म्हणजे जंक्शनचा प्लॅटफॉर्म. तुमची गाडी वेळेवर हलली नाही, तर मागची स्टेशनाबाहेर होम सिग्नलला उभी. जहाज बाहेर काढायला बंदराचा पायलट, म्हणजे वाट दाखवणारा माणूस, यावा लागतो, त्याची वेळ आधी ठरलेली असते. धक्क्याचं भाडं चालू असतं, पुढच्या बंदरात ठरल्या वेळी पोचायचं असतं, आणि इथे गमावलेला तास रात्री वेग वाढवून भरून काढायचा तर इंधन जास्त जळतं. एवढं सगळं एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला चपला घ्यायला थांबलेले तुम्ही.

मार्च २०२४ मध्ये आफ्रिकेच्या पश्चिमेला साओ टोमे बेटावर आठ प्रवासी असेच मागे राहिले होते. खासगी सहलीला गेलेले. तिथल्या तटरक्षक दलाने त्यांना बोटीत बसवून नांगरलेल्या जहाजापर्यंत नेलं, तरी जहाजाने वर घेतलं नाही. देशामागून देश ओलांडत शेवटी सेनेगलमध्ये डाकारला त्यांनी जहाज गाठलं. ही बातमी मी निघण्याआधी आमच्या आप्पांना दाखवली होती. आप्पा म्हणजे माझे साडू, अमळनेरला असतात, कापसाचा व्यापार. ते म्हणाले, "दादा, तुम्ही असताना आपलं कशाला चुकेल?" मी मनात म्हटलं, म्हणजे सगळं माझ्याच गळ्यात.

आम्ही दोन जोडपी. अथेन्सजवळच्या पिरेयस बंदरात चढायचं, मग ग्रीसचंच सँटोरिनी बेट, इटलीत नेपल्स, रोमसाठी चिवितावेक्किया, फ्लॉरेन्स-पिसासाठी लिव्होर्नो, आणि बार्सिलोनाला उतरायचं. पिरेयसला आम्ही आदल्या दिवशीच मुक्कामी पोचलो. खानदेशातल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. मुंबईहून विमान असलं की आपण एक दिवस आधी घर सोडतो, कारण कसारा घाटात पावसाने काय होईल सांगता येत नाही.

जहाजावर रोज रात्री खोलीत दुसऱ्या दिवसाचं पत्रक येतं. लोक त्यात नाच कुठे आहे आणि जेवण कुठे आहे ते बघतात. मी आधी तीन गोष्टी बघायचो: जहाज सुटायची वेळ, त्याआधीची 'सगळे वर' व्हायची वेळ, आणि बंदरातल्या एजंटचा फोन. पहिल्या दोन वेळांत अर्ध्या तासाचं ते तासाभराचं अंतर असतं, आणि आपल्या कामाची असते ती आधीची. सुटायची वेळ डोक्यातून काढूनच टाकायची. एजंट म्हणजे त्या बंदरात जहाजाचं काम बघणारा माणूस. तुम्ही राहिलात तर पुढे तोच तुमचा मायबाप. त्या ओळीचा फोटो चौघांच्याही फोनमध्ये असायचा.

उतरताना दारात आपलं कार्ड यंत्राला लावतात, टुंग वाजतं आणि पडद्यावर आपला फोटो येतो. परत येताना पुन्हा तेच. त्यामुळे कोण वर आहे आणि कोण खाली, हे त्यांना क्षणोक्षणी कळतं. वेळ झाली की राहिलेल्यांची नावं पुकारतात. तरी आले नाहीत तर त्यांचे पासपोर्ट काढून एजंटकडे देतात आणि शिडी ओढून घेतात. आमचे पासपोर्ट चढतानाच जहाजाने ठेवून घेतले होते, म्हणून झेरॉक्स आणि व्हिसाच्या पानाची प्रत बायकोच्या पर्समध्ये कायम असे.

आता सँटोरिनी. तिथे जहाज धक्क्याला लागत नाही, पाण्यातच उभं राहतं आणि छोट्या बोटींनी माणसं किनाऱ्यावर नेतात. किनाऱ्यावर नुसता कडा, आणि 'फिरा' नावाचं गाव वर कड्याच्या माथ्यावर. वर जायला रोपवे, नाहीतर जवळपास सहाशे पायऱ्या. त्या पायऱ्यांवर गाढवंही चालतात, आणि त्यांचं जे काय पडायचं ते तिथेच पडतं. गुळगुळीत दगड, त्यावर ते. साठीच्या गुडघ्यांनी तिकडे बघूही नये.

वर पोचल्यावर सगळे पांढऱ्या घरांचे फोटो काढत होते. मी खाली बघून जहाजं मोजली. आमच्यासकट चार. हल्ली तिथे एका दिवसात क्रूझचे आठ हजारच प्रवासी यावेत अशी मर्यादा घातली आहे. पण आठ हजार म्हणजे काय थोडे? सकाळी ते हळूहळू वर येतात. दुपारी चार वाजले की सगळ्यांना एकदमच घर आठवतं आणि खाली जायला तोच एक रोपवे. आमची शेवटची बोट साडेपाचला होती. मी जाहीर केलं, तीन वाजता रोपवेच्या रांगेत.

आप्पांचा चेहरा पडला. त्यांना इया गावातला सूर्यास्त बघायचा होता. व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्यांनी तोच तर टाकलेला असतो. मी म्हटलं, "आप्पा, सूर्य साडेसातला बुडणार, बोट साडेपाचला. कोणाला थांबवू?" मेहुणी हसली, पण आप्पा तासभर माझ्याशी बोलले नाहीत. बसने इयाला जाऊन आलो, अर्ध्या तासाच्या आत बस पोचवते, आणि तीनला रांगेत लागलो. वीस मिनिटांत खाली. रात्री जेवणाच्या टेबलावर एक पंजाबी कुटुंब होतं. ते साडेचारला रांगेत लागले आणि कंटाळून पायऱ्यांनी उतरले. त्यांच्या आजोबांचे बूट खोलीबाहेर काढून ठेवावे लागले, एवढ्यावर समजून घ्या. आप्पांनी त्यानंतर माझ्या ताटात स्वतःहून लोणचं वाढलं. बोलणं सुरू झालं.

सँटोरिनीला मी एवढा कडक का वागलो, तर त्याला कारण होतं. सगळ्या बंदरांत चुकण्याची किंमत सारखी नसते. तिथे राहिलो असतो तर पुढचं बंदर नेपल्स, म्हणजे बेटावरून अथेन्सला विमान, तिथून इटलीला दुसरं. चिवितावेक्कियाला राहिलो तर पुढचं लिव्होर्नो, आणि ते त्याच किनाऱ्याच्या रेल्वेमार्गावर आहे. सकाळची गाडी पकडली की काम झालं. म्हणून बंदरात उतरण्याआधी नकाशावर पुढचं बंदर बघायचं, आणि हातात किती वेळ राखायचा ते त्यावरून ठरवायचं.

घड्याळाचं प्रकरण वेगळंच. ग्रीस इटलीच्या एक तास पुढे. मधल्या रात्री पत्रकावर लिहून आलं, घड्याळ एक तास मागे घ्या. फोन विमान मोडवर असेल तर त्याच्यावर भरवसा नाही. आणि कधी कधी जहाज आपलीच वेळ चालवतं, किनाऱ्यावरची वेळ वेगळी असली तरी. माझ्या मनगटावर चावीचं जुनं एचएमटी आहे. त्याला नेटवर्क सापडत नाही हाच त्याचा गुण. ते मी रात्रीच जहाजाच्या वेळेला लावलं आणि मग कोणी काहीही म्हटलं तरी ते हलवलं नाही. आप्पांनी फोनवर बघून सकाळी सहालाच नाश्त्याचं दार वाजवलं. पश्चिमेकडे जाताना घड्याळ विसरलं तर माणूस लवकर पोचतो, एवढंच. हाच प्रवास पूर्वेकडे असता तर तासभर उशीर झाला असता, आणि तो महागात पडला असता.

नेपल्समध्ये धक्का शहरातच आहे. समोर किल्ला, दहा पावलांवर रस्ता. आम्ही पिझ्झा खाल्ला, फिरलो, आलो. धावणारी माणसं मात्र मी तिथेच पाहिली. जहाजाच्या पाचव्या मजल्याच्या कठड्याशी गर्दी जमली होती. खाली एक गोरं जोडपं पिशव्या सांभाळत पळत होतं, बाईच्या एका हातात सँडल. वरून लोक शिट्ट्या मारत होते, टाळ्या वाजवत होते, व्हिडिओ काढत होते. ते पोचले, शिडी निघाली. मला ते टाळ्या वाजवणं आवडलं नाही. घामाघूम झालेल्या माणसाची गंमत कसली करायची? पण एक लक्षात आलं. शहराबाहेर पाँपेईचे अवशेष बघायला जाऊन आलेले कधीचे वर येऊन अंघोळ करून बसले होते. उशीर झाला तो 'इथेच तर आहे' म्हणणाऱ्यांना.

खरी परीक्षा रोमची. चिवितावेक्किया नावालाच रोमचं बंदर, रोम तिथून सत्तर-ऐंशी किलोमीटर. जहाजाची सहल घेतली तर बस उशिरा आली तरी जहाज त्या बसची वाट बघतं, किंवा तुम्हाला पुढच्या बंदरात पोचवायची जबाबदारी त्यांची. त्याचेच जास्तीचे पैसे असतात. आम्ही स्वतःहून गेलो, कारण रेल्वे होती आणि रेल्वे असताना मी बसमध्ये का बसू?

'सगळे वर' साडेसहाला. उलट मोजायला लागलो. बंदराच्या बसथांब्यापासून जहाजापर्यंत रांगेसह अर्धा तास. स्टेशनपासून त्या थांब्यापर्यंत पायी वीस मिनिटं. गाडीला तास. म्हणजे रोमहून साडेचारची गाडी अगदी शेवटची. अशी गाडी मी कधीच आपली धरत नाही. तिच्या आधीची धरली तर एखादी रद्द झाली की पुन्हा शेवटच्या गाडीवरच येतो. म्हणून तिच्याही आधीची, तीनच्या सुमाराची, ती आपली. तिच्या मागे दोन गाड्या राखीव.

दुसरं म्हणजे फिरायचा क्रम. बरेच जण आधी व्हॅटिकन बघतात आणि कोलोसियमला दिवस संपवतात. आम्ही उलट केलं. सकाळी थेट टर्मिनीला, म्हणजे रोमच्या मुख्य स्टेशनला उतरून कोलोसियम, आणि शेवट व्हॅटिकनला सेंट पीटर्सच्या चौकात. त्या चौकापासून दहा-पंधरा मिनिटांवर सान पिएत्रो स्टेशन आहे, आणि चिवितावेक्कियाची गाडी टर्मिनीहून निघून तिथे थांबते. दिवसभर फिरत फिरत आपण जहाजाकडेच सरकत असतो. दुपारी शहर ओलांडायचं, मेट्रोची गर्दी, ते काही नाही.

पावणेतीनला चौकातून निघायचं ठरलं होतं. मेहुणी माळांच्या दुकानात. भुसावळच्या शेजारच्या ख्रिस्ती बाईंनी जपमाळ आणायला सांगितली होती, आणि ही तिथे रंग जुळवत बसलेली. मी बाहेरून घड्याळ दाखवलं. "दाजी, दोनच मिनिटं." खानदेशातली दोन मिनिटं किती लांब असतात ते मी वेगळं सांगायला नको. शेवटी आप्पाच आत गेले आणि ओरडले, "चाल वं, बिगी बिगी चाल!" दुकानदाराला अहिराणी कळली असावी, त्याने लगेच पुडी बांधून दिली.

स्टेशनवर फलक बघितला तर आमच्या गाडीपुढे पस्तीस मिनिटं उशीर. बायकोने माझ्याकडे बघितलं. प्लॅटफॉर्मवर जहाजाची बरीच माणसं होती, गळ्यातल्या कार्डांवरून ओळखू येत होती. एक बाई टॅक्सीची चौकशी करत फिरत होती. मी बाकावर बसलो आणि शेव-मुरमुऱ्याची पिशवी सोडली. पस्तीसची साठ झाली तरी आमचं काही बिघडत नव्हतं. त्या बाईंनाही मूठभर दिले. टॅक्सीचा विषय निघाला नाही. गाडी आली, खचाखच, भुसावळ-सुरत पॅसेंजरची आठवण यावी अशी. कागदी तिकिटावर चढण्याआधी तिथल्या यंत्रात शिक्का मारावा लागतो, नाहीतर तिकीट असून दंड. तो मी आल्या आल्या चौघांचा मारून ठेवला होता. सव्वापाचला आम्ही शिडीवर होतो. टुंग, टुंग, टुंग, टुंग.

एक सांगतो, इटलीत रेल्वेचा संप होतो, आणि तो आधी जाहीर झालेला असतो. संपाच्या दिवशी कामाच्या वारी सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ ठरावीक लोकल गाड्या चालवतात. जायची सोय होते, यायची नाही, कारण संध्याकाळी सहाला आपण वर पाहिजे. म्हणून आदल्या रात्री जहाजाच्या वायफायवर तेवढं बघून घ्यायचं. संप असेल तर मुकाट्याने जहाजाची बस.

लिव्होर्नोला भांडण झालं. फ्लॉरेन्सला गाडीने दीड तास जायला, दीड यायला, आणि त्या दिवशी 'सगळे वर' साडेचारलाच होतं. हिशेब बसेना. पिसा वीस मिनिटांवर. मी पिसा म्हटलं. बायको म्हणाली, एवढ्या लांब येऊन फ्लॉरेन्स नाही बघायचं? आप्पा या वेळी माझ्या बाजूने. मनोरा बघितला, त्याला हात लावून सरळ करायचे फोटो काढले, दुपारी दोनला परत. जहाजाच्या सहलीने फ्लॉरेन्सला गेलेली मंडळी साडेचारला पाच मिनिटं कमी असताना बसमधून आरामात उतरली. बायकोने ते डेकवरून बघितलं आणि मला दाखवलंही. पुढच्या खेपेला लांबच्या बंदराला जहाजाचीच सहल घ्यायची, दोघांचे पैसे तिच्या पेन्शनमधून, असं ठरलं आहे.