तुम्ही विचारलंत म्हणून: आईची मॅमोग्राफी करून घेऊ का?

मी पुण्यात जनआरोग्य हा विषय शिकवते आणि कॅन्सरच्या तपासणीवर प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांची गाइड आहे, हे एकदा कळले की लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या सभेनंतर, बँकेच्या रांगेतसुद्धा एक प्रश्न हमखास येतो: "मॅडम, आईला अठ्ठ्याहत्तर पूर्ण झाली. त्रास काही नाही, पण एकदा मॅमोग्राफी करून घेऊ का?" म्हणजे स्तनांचा एक्स-रे. आईच्या जागी कधी वडील असतात आणि मॅमोग्राफीच्या जागी पीएसए, म्हणजे पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीच्या कॅन्सरसाठी केली जाणारी रक्तचाचणी. मी उलट विचारते, "आईंना विचारलंत का?" बहुतेक जण यावर हसतात, कारण त्यांना वाटते की मी उत्तर टाळते आहे. खरे उत्तर रांगेत उभ्या उभ्या देता येत नाही, म्हणून ते इथे लिहिते.

आधी एक खुलासा करते. स्तनात गाठ लागत असेल, पाळी कधीच थांबलेली असताना रक्तस्राव झाला असेल किंवा तोंडातला व्रण आठवडेच्या आठवडे भरत नसेल, तर वय नव्वद असले तरी डॉक्टरांना दाखवायलाच हवे. ती रोगनिदानासाठीची तपासणी झाली. मी बोलते आहे ते कसलाही त्रास नसलेल्या माणसाच्या तपासणीबद्दल.

या तपासणीचा हिशेब तरुणपणी एक असतो आणि म्हातारपणी दुसरा. तिचा त्रास आज होतो आणि फायदा, झालाच तर, बऱ्याच वर्षांनी होतो. जुन्या मोठ्या संशोधन-चाचण्यांची आकडेवारी एकत्र करून संशोधकांनी काढलेला अंदाज असा आहे की एक हजार स्त्रियांची मॅमोग्राफी केली, तर त्यांतला एक मृत्यू टळलेला दिसायला सुमारे १० वर्षे लागतात. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या तपासणीलाही जवळपास तेवढाच काळ लागतो. म्हणजे प्रश्न आईच्या वयाचा नसून तिच्या पुढच्या दहा वर्षांचा आहे, आणि तो मुलाने तोंडावर विचारावा असा नाही, म्हणून तो कोणीच विचारत नाही.

प्रोस्टेटचे उदाहरण अधिक बोलके आहे. अमेरिकेतील प्रतिबंधक आरोग्यसेवांच्या तज्ज्ञ समितीने ७० वर्षांपुढील पुरुषांनी पीएसए तपासणी करू नये असे सांगितले आहे, कारण या वयातला प्रोस्टेटचा कॅन्सर पुष्कळदा इतका सावकाश वाढतो की माणूस दुसऱ्याच कारणाने जातो आणि तो कॅन्सर कोणाला कळतही नाही. असे असूनही 'ज्येष्ठ नागरिक पॅकेज'मध्ये ही चाचणी सर्रास असते. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांना त्यांच्या परदेशातल्या मुलाने वाढदिवसाला असे पॅकेज भेट दिले. वय ७९. आकडा थोडा वर आला, बायॉप्सी झाली (म्हणजे सुईने ग्रंथीचा तुकडा काढून तपासला), त्यातून जंतुसंसर्ग होऊन ते सहा दिवस रुग्णालयात राहिले आणि शेवटी अहवाल काहीच नसल्याचा आला. मुलाचे प्रेम खरे होते आणि काकांचे सहा दिवसही खरे होते.

तीच समिती मॅमोग्राफीबद्दल ७४ वर्षांपर्यंत स्पष्ट बोलते आणि ७५ पासून पुढे 'पुरावा अपुरा' एवढेच म्हणते. पुरावा अपुरा का, हे मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला स्वतः शोधायला लावते, कारण उत्तर सापडल्यावर त्याचा चेहरा पाहण्यासारखा होतो. त्या वयाच्या बायकांना संशोधनाच्या चाचण्यांत घेतलेच नव्हते! आपल्याकडेही फार निराळे नाही. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ मध्ये मुंबईच्या वस्त्यांत सुरू केलेल्या अभ्यासात दीड लाखाहून अधिक स्त्रिया होत्या. हाताने केलेल्या स्तनतपासणीमुळे पन्नाशीपुढच्या स्त्रियांतले स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटल्याचे वीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर दिसले. पण सहभागाचे वय होते ३५ ते ६४. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील खेड्यांत झालेल्या अभ्यासाने तर जगाला दाखवून दिले की एकाच एचपीव्ही चाचणीने (हा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूच्या चाचणीने) गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात. वय ३० ते ५९. दोन्ही अभ्यासांचा मला अभिमान आहे आणि दोन्हींत माझी आजी बसत नाही.

दुसऱ्यांना काय बोलायचे? कित्येक वर्षे माझ्या विद्यार्थ्यांच्या तक्त्यांत वयाचा शेवटचा गट '६० आणि पुढे' असाच असे आणि मी त्याखाली मुकाट्याने सही करत असे. दर रविवारी सिंहगड चढून वर झुणका-भाकर खाणारे एकसष्ट वर्षांचे गृहस्थ आणि अंथरुणाला खिळलेल्या अठ्ठ्याऐंशीच्या आजी एकाच चौकटीत. हे माझ्या लक्षात आणून दिले ते एका विद्यार्थिनीने, तेही तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशी.

त्याच मुलीने घेतलेल्या मुलाखतींनी मला आणखी एक धडा दिला. सदाशिव पेठेतल्या एका ८१ वर्षांच्या आजींची मुलाखत तिने आणली, तीन चतुर्थांश तासाची. ध्वनिमुद्रण ऐकताना माझ्या लक्षात आले की आजींचा आवाज फारसा येतच नाही. "आईला तसलं काही नको असतं", "आईला झेपणार नाही", "आई घाबरते", असे सगळे मुलगाच बोलत होता, आणि संमतीपत्रावर सही मात्र आजींची होती. मी तिला पुन्हा पाठवले, मुलगा कामावर गेल्यावर, दुपारी. आजी मेथी निवडत होत्या. हिने प्रश्न विचारला आणि मी शिकवल्याप्रमाणे गप्प बसली. (तरुण संशोधकाला शिकवायला सगळ्यांत अवघड गोष्ट ही गप्प बसण्याची आहे, संख्याशास्त्र त्यामानाने सोपे.) अर्धी जुडी निवडून झाल्यावर आजी म्हणाल्या, "सापडलं तरी मी कापून घेणार नाही. मग शोधायचं कशाला?" पुढच्याच आठवड्यात तळजाईला रोज फिरायला जाणारे ७६ वर्षांचे एक आजोबा तिला म्हणाले, "मला कळायलाच हवं. मागचं सगळं मार्गी लावायचंय." ती गोंधळून माझ्याकडे आली, यांतले बरोबर कोणते म्हणून. मी म्हटले, दोन्ही लिही, जशीच्या तशी.

हे सारे वाचून कोणी असा अर्थ काढू नये की म्हाताऱ्या माणसांच्या तपासण्या बंद कराव्यात. पुण्यातल्या सुखवस्तू प्रभात रस्त्यावरच्या आजींच्या तपासण्या जास्त होतात, आणि त्यांच्या घरी पोळ्या करायला येणाऱ्या मावशींची आयुष्यात एकही झालेली नसते. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांमागे दोघींचीही गर्भाशयमुखाची तपासणी कधी झालेली नव्हती. त्यापुढच्या वयाच्या बायकांना हा प्रश्न त्या सर्वेक्षणात विचारलेलाच नाही. पासष्टीनंतर गर्भाशयमुखाची तपासणी थांबवावी असे परदेशी नियम सांगतात खरे, पण आधीच्या तपासण्या नियमित झाल्या असतील तर. ज्या मावशींची एकदाही झाली नाही, त्यांना तो नियम कसा लावणार? कॅन्सर तपासणीच्या २०१६ च्या आपल्या सरकारी आराखड्यातही वयोमर्यादा ३० ते ६५ अशीच आहे. ६७ वर्षांच्या धडधाकट मावशी आल्या, तर मी त्यांना "नको" म्हणणार नाही.

त्या विद्यार्थिनीने आता नव्या प्रश्नावलीत प्रत्येक प्रश्नापुढे एक रकाना वाढवला आहे: उत्तर कोणी दिले, स्वतः, मुलगा, सून की आणखी कोणी. वयाचे गटही पाच-पाच वर्षांचे केले आहेत. एथिक्स कमिटीने हा रकाना कशासाठी, असे विचारले आहे. उत्तर मी लिहून देणार होते, पण ते तिलाच लिहू दे असे ठरवले आहे. सोमवारपर्यंत मुदत आहे.