दूध फुटेना : थंडीतील थाई स्वयंपाकाचा माझा अनुभव

गेल्या डिसेंबरात पुण्यात कडाक्याची थंडी पडली, तेव्हा पिठले-भात आणि हुलग्याच्या माडग्याच्या जोडीला दर रविवारी घरी थाई जेवण करायचे असे मी ठरवले. कामानिमित्त बँकॉकमध्ये काढलेल्या पंधरा दिवसांत हिरवी करी, म्हणजे तिथली ‘केंग ख्याव वान’, मी इतक्या वेळा खाल्ली होती की ती आपल्याला जमणार नाही अशी शंकाही मनाला शिवली नव्हती. वाटण जमले, भातही जमला. अडले ते नारळाच्या दुधावर, आणि त्यापायी तीन रविवार आणि सात खोकी खर्ची पडली.

थाई पद्धतीत नारळाचे दाट दूध आधी एकटेच कढईत आटवतात. त्यातले पाणी उडून तेल सुटू लागले की त्या तेलात वाटण परततात, आणि पातळ दूध नंतर घालतात. दाट दुधाला ते ‘हुआ कथी’, म्हणजे नारळाच्या दुधाचे डोके, आणि पातळाला ‘हांग कथी’, म्हणजे शेपूट, म्हणतात. माझ्या कढईत मात्र डोके आणि शेपूट वेगळे होण्याचे नावच घेईनात. बाजारातून आणलेले खोक्यातले दूध मी वीस मिनिटे आटवले, ते खिरीसारखे घट्ट झाले, तळाला लागले, पण तेलाचा एक थेंब सुटला नाही. वाटण त्यातच ढकलले, तर ते परतले जाण्याऐवजी शिजले आणि कच्च्या लसणाचा वास शेवटपर्यंत राहिला. दुसऱ्या रविवारी आच वाढवली आणि तिसऱ्या रविवारी कढई बदलली, तरी फरक पडला नाही.

वैतागून मी त्या कंपनीच्या ग्राहक सेवेला लिहिले. नऊ दिवसांनी उत्तर आले की त्यांचे दूध कितीही उकळले तरी फुटत नाही आणि तेच त्याचे वैशिष्ट्य आहे. माझी तक्रार हीच त्यांच्या दृष्टीने प्रशस्ती होती! मग चष्मा लावून खोक्यावरची बारीक अक्षरे वाचली, तेव्हा दाटपणासाठीचा ग्वार गम आणि आयएनएस ४३५ दिसले. आयएनएस म्हणजे खाद्यपदार्थांत मिसळायच्या द्रव्यांना दिलेला आंतरराष्ट्रीय क्रमांक. हा ४३५ म्हणजे पॉलिसॉर्बेट ६०. तेल आणि पाणी एकमेकांपासून सुटू नये म्हणूनच तो घालतात. ही ओळ मी पहिल्याच दिवशी वाचायला हवी होती. तुम्ही खोकेच आणणार असाल तर घटकांत फक्त नारळ आणि पाणी लिहिलेले शोधा.

वाट सापडली ती आईमुळे, जिने थाई करी जन्मात चाखलेली नव्हती. ती गुहागरकडची. चौथ्या रविवारी माझी धुसफूस ऐकून ती म्हणाली, “अरे, नारळाच्या दुधातले सांबारे फुटू नये म्हणून आम्ही जन्मभर डाव हलवत उभ्या राहिलो, आणि तुला फुटत नाही म्हणून रडू येते?” मी तिला सगळे समजावून सांगितले, तेव्हा ती क्षणभर थांबून म्हणाली, “म्हणजे तुला आवेल काढायचे आहे अर्धवट.” लहानपणी बाळाच्या मालिशसाठी घरी नारळाचे दूध आटवून तेल काढत, ते हे आवेल. मग तिने न्हाणीघरातली खोबरेल तेलाची बाटली आणून माझ्यासमोर उलटी धरली. तेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठते, त्यामुळे बाटलीतून काही पडले नाही. थंडीत दुधातला सायीचा भाग आपोआप वर येऊन थिजतो, तोच घे, असे तिचे म्हणणे होते.

दोन नारळ खवून, एक वाटी कोमट पाणी घालून मी पहिले दूध पंचातून पिळून काढले. भांडे रात्रभर गॅलरीत ठेवण्याचा मोह झाला, पण आंबेल या भीतीने फ्रिजमध्ये ठेवले. सकाळी वर बोटभर जाडीची पांढरी वडी धरली होती आणि खाली निवळ पाणी होते. ती वडी मध्यम आचेवर ठेवली. आधी फेस आला, मग बुडबुडे मोठे आणि संथ झाले, आणि आठ-दहा मिनिटांनी आवाज बदलला. रटरट थांबून चरचर सुरू झाली आणि कडेने काचेसारखे स्वच्छ तेल चकाकू लागले. थाई लोक या क्षणाला ‘तॅक मन’ म्हणतात. मी त्या क्षणी आईला हाक मारली आणि शेजारच्यांनाही ती ऐकू गेली असावी.

वाटणाबद्दल सांगायचे राहिले. मंडईत कोथिंबिरीची जुडी मुळांसकट घ्या, कारण थाई वाटणात ती मुळेच लागतात. गवती चहाची पाती आपण चहात टाकतो, पण इथे बुडखा हवा, आणि कुंडीतला फार बारीक निघतो, म्हणून जाड दांड्यांचा विकत आणावा. आल्यासारखे दिसणारे गलंगल म्हणजे आपले कुलंजन; काष्ठौषधींच्या दुकानातले वाळके कुलंजन मी वापरून पाहिले, त्याला काढ्याचाच वास आला; ताजे गलंगल मिळाले नाही तर हट्ट सोडावा, त्याच्या जागी आले घालून तीच चव येत नाही. मिक्सरमध्ये पाणी घालावे लागते आणि ते पुढे तेलात तडतडते, म्हणून मी खलबत्ता काढला. फिश सॉस शेवटी घालावा आणि मीठ त्यानंतर चाखूनच.

आजारपणासाठी तिथे ‘खाव तोम’ हा पातळ भात करतात. आपल्या पेजेचाच भाऊबंद, फक्त वरून तळलेला लसूण आणि कोथिंबीर. सर्दीच्या आठवड्यात मी तो इंद्रायणी तांदळाचा केला, तर फार चिकट झाला. जुना आंबेमोहोर बरा.

त्या कंपनीची दोन खोकी अजून फडताळात होती. गलंगल घालून करतात त्या ‘तोम खा’ सुपात दूध फुटायला नकोच असते, तेव्हा ती तिथे खपली. आईने दोन वाट्या घेतल्या आणि नारळाच्या चोथ्याचे काय केलेस, असे विचारले. तो मी टाकला होता.