सध्या फक्त रेघा: फेक स्किनवरच्या सरावाची नोंद

टॅटू काढायला शिकतोय, सराव फेक स्किनवर, म्हणजे सिलिकॉनच्या नकली कातडीच्या शीटवर. शेडिंगला (छटा भरायला) हात लावायचा नाही, असं ठरवून बसलोय आणि अजून तरी ते पाळलंय. गुलाब, पाकोळी (स्वॅलो पक्षी), खंजीर ही अमेरिकन ट्रॅडिशनल या जुन्या टॅटू शैलीची ठरलेली चित्रं, तीही नुसत्या आउटलाइनमध्ये. कारण 'इंक मास्टर' या टॅटू स्पर्धेच्या टीव्ही शोचा २०१२ चा पहिला सीझन पुन्हा बघायला घेतलाय. परीक्षक ख्रिस नुनेझ आणि ऑलिव्हर पेक टॅटूजवळ वाकले की त्यांची नजर आधी रेघेवर जाते. तो सीझन जिंकलेला शेन ओ'नील मुळात पोर्ट्रेटवाला, पण लाखभर डॉलर पणाला लावून तिथे बसलेल्यांना आवडो न आवडो, सगळ्याच शैली कराव्या लागतात. आपल्यालाही तेच लागू.

रोटरी पेन (पेनसारखं टॅटू मशीन), ७ आरएल कार्ट्रिज (रेघांसाठी सात सुयांचा गोल गुच्छ). मशीनचा वेग आणि हाताचा वेग यांचं जमलं की निम्मं काम होतं. हात पळाला आणि व्होल्टेज कमी पडलं, तर रेघेचे ठिपके होतात. हात रेंगाळला तर सिलिकॉन चक्क कुरतडलं जातं. आता लांब रेघ मनगटातून न ओढता कोपरातून ओढतो, त्यामुळे पाकोळीच्या शेपटीचे दोन्ही काटे एका दमात निघतात. त्यातही जिथे रेघ संपते तिथे सुई हळूच उचलत न्यायची, नाहीतर टोकाला काळा टिपका बसतो. स्टेन्सिल (शीटवर आधी उमटवलेली चित्राची छाप) पुसलं जायचा वैताग मात्र साध्या गोष्टीने संपला: आधी नीट वाळू द्यायचं आणि मग उजव्या हाताच्या माणसाने खालच्या उजव्या कोपऱ्यातून वर जायचं. पुसताना हात झालेल्या कामावरूनच फिरतो. वर व्हॅसलीनचा पातळ थर दिला की शाईचा डागही धरत नाही.

सपाट शीटवर हात बसल्यावर ती बाटलीभोवती गुंडाळली. तिथे गुलाबाच्या बाहेरच्या पाकळ्या अजून वाकड्या जातात. मनगट-पोटरीवर काम करणाऱ्यांबद्दलचा आदर एकदम वाढला!

'मायामी इंक' (२००५) हा टॅटू दुकानावरचा शो पण मधे मधे लावतो. दुकानातली थट्टा, गिऱ्हाइकाची कहाणी, डोळ्यांत पाणी, सगळं छान. पण सुई कातडीत किती जाते हे कॅमेरा क्वचितच दाखवतो. 'इंक मास्टर' त्या बाबतीत जास्त कामाचा. तरी एक गोष्ट दोन्हीकडे हुकते. दिसतो तो बहुतेक ताजा टॅटू. वरची कातडी झडून नवी येते, सूज उतरते, त्यानंतरच टॅटू खरा कळतो. शाई डर्मिसच्या, म्हणजे कातडीच्या मधल्या थराच्या, खाली गेली असेल तर रेघेभोवती निळसर धूर पसरतो, ज्याला ब्लोआउट म्हणतात. फेक स्किनवर हे कधीच होत नाही. ती सुजत नाही, भरत नाही, त्यामुळे तिच्यावरची सफाई बघून खूश होण्यात फार अर्थ नाही.

म्हणून पुण्यातल्या एका स्टुडिओत ओळखीच्या आर्टिस्टला ताज्या टॅटूंचे फोटो नकोत, भरून आलेल्यांचे दाखवा म्हटलं. दोन वर्षांपूर्वीच्या बारीक अक्षरांतल्या 'अ'चं पोट बुजून गेलेलं. आमच्या आजीच्या हातावरच्या गोंदणातले शेजारशेजारचे ठिपकेही असेच एकमेकांत मिसळलेत. तेव्हापासून गुलाबाच्या आतल्या पाकळ्या कमी केल्या आणि दोन रेघांमध्ये मोकळी जागा वाढवली. चित्र जरा बाळबोध दिसतं, पण जुन्या फ्लॅश शीटवर (टॅटूच्या तयार चित्रांच्या कागदावर) एवढी जागा का सोडलेली असते ते आता कळतंय.

पुढे ग्रे वॉश: काळ्या शाईत पाणी वाढवत तीन छटा आणि मॅग्नम सुई (शेडिंगसाठीची, ओळीत बसवलेल्या सुयांची). जाड, दोन्ही बाजूंनी वापरता येणारी शीट कुणी वापरली असेल, तर पुसताना डाग किती धरते ते सांगा. माझी आताची पातळ शीट दुसऱ्या बाजूला सुई मारली की पहिल्या बाजूचं काम दाखवते, आणि मला बाटलीवर अजून बरेच गुलाब काढायचेत.