बटाव्हिया वाडगा: डागाचा छडा लागला

अखेर सापडलं! तो बाहेरून कॉफीरंगी, आतून निळा-पांढरा बटाव्हिया वाडगा (डचांच्या बटाव्हिया बंदरातून, म्हणजे आजच्या जकार्तातून, विकली जाणारी चिनी पोर्सेलिनची भांडी, त्यातला) आठवतोय ना? चिरेतला तपकिरी डाग पेरॉक्साइडच्या कापसाने फिका व्हायचा आणि वाडगा सुकला की पुन्हा हजर. आपण सगळे चहाचा, तेलाचा म्हणत बसलो होतो. तो गंज आहे.

नवी यूव्ही टॉर्च आली त्याची ही कमाल. (घ्यायची तर ३६५ नॅनोमीटरचीच घ्या. ३९५ वाली स्वस्त मिळते, पण सगळंच जांभळं करून ठेवते.) अंधारात धरली, तर बाहेरच्या तपकिरी अंगावर चिरेच्या दोन्ही बाजूंना बोटभर पट्टा दुधाळ चमकला. म्हणजे झिलईवर वरून रंग. आणि विक्रेता शपथेवर सांगत होता, 'साहेब, याला कुणी हात लावलेला नाही'!

इअरबडला ॲसिटोन लावून हळूहळू पुसलं. खालून चिरेच्या आजूबाजूला जोडीजोडीने भोकं निघाली, प्लास्टरने बुजवलेली, आरपार न गेलेली. जुने टाके, म्हणजे तडकलेलं भांडं धरून ठेवायला स्टेपलसारख्या मारलेल्या लोखंडी पिना! पुढे कुणीतरी त्या कापून टाकल्या, पण त्यांचे भोकांत रुतलेले पाय आतच राहिले. दोऱ्याला बारकं चुंबक बांधून फिरवलं तर दोन भोकांपाशी ते चक्क ओढलं गेलं. आता कळतं, पेरॉक्साइड का हरत होतं. लोखंडाच्या संगतीत ते नुसतं फसफसून संपतं, आणि ओल मिळाली की आतला तुकडा आणखी गंजतो.

दाताच्या डॉक्टरकडे असते तसल्या टोकदार सळईने प्लास्टर खरवडलं. एक पाय अख्खा निघाला, काळा, तांदळाच्या कणीएवढा. दुसरा मोडला आणि निम्मा तळाशी रुतून बसलाय. पहिल्या भोकावर डिस्टिल्ड पाण्यातलं इडीटीए (गंजातलं लोह पकडून विरघळवणारं रसायन) कागदाच्या लगद्यात घालून, वर क्लिंग फिल्म लावून ठेवलं. लगदा पिवळा पडला आणि त्या बाजूची चीर सुकल्यावरही फिकीच राहिली! तपकिरी रंगही लोहाचाच, म्हणून आधी बुडाजवळ कोपऱ्यात करून पाहिलं. भाजलेल्या झिलईतलं लोह काचेत कोंडलेलं, त्याला काही झालं नाही.

रंगपट्टा नकली निघाला तरी बूड अस्सल आहे, हे पुन्हा भिंगाखाली बघून घेतलं. झिलई संपते तिथे केसाएवढी नारिंगी रेघ, कडेला भट्टीतल्या रेतीचे दोन कण. १७५२ मध्ये बुडालेल्या 'खेल्डरमाल्सेन' या डच व्यापारी जहाजावरही याच तपकिरी घराण्यातल्या वाट्या-बशा होत्या. माझा वाडगा अठराव्या शतकातलाच धरतो. बुडावरच्या चौकोनी शिक्क्यावरून काळ ठरवायला मात्र मी तयार नाही. चिंगतेचेनवाले (चीनमधल्या पोर्सेलिनच्या गावचे कारागीर) जुन्या राजांचे शिक्के बिनदिक्कत मारत.

ठरलं होतं असं की भोकं भरायची, वर तपकिरी रंग, पॅरालॉइड बी-७२चा (दुरुस्तीत वापरतात ते ॲक्रिलिक राळ) थर आणि विषय बंद. पण आता लिहितालिहिताच वाटतंय, पुन्हा लपवायचं कशाला? भोकं तयारच आहेत. पितळी तारेचे टाके घालून जुनी दुरुस्ती उघड दिसू दिली तर? पितळ असं गंजत नाही. हिरवट पडेल, तो त्रास वेगळा. रिस्टोररला सांगितलं तर तो भाव पडेल म्हणणार. म्हणू दे, वाडगा विकायचा नाहीये.

मोडका पाय काढायला ड्रिल लावायची हिंमत नाही, चीर पुढे पळेल. कुणी इडीटीए थेंबाथेंबाने भोकात भरून ठेवलंय का? आणि टाक्यांसाठी किती जाडीची पितळी तार घेता, तेही सांगा.