साळसूद एडी हॅस्केल

आज दुपारी ‘लीव्ह इट टू बीव्हर’ या अमेरिकन टीव्ही मालिकेचे जुने भाग लावून बसलो. १९५७ ते १९६३ची कृष्णधवल अमेरिका. खरं सांगायचं तर ते क्लीव्हर कुटुंब जरा जास्तच गुणी आहे. मालिकेत जीव येतो तो थोरल्या मुलाचा, वॉलीचा मित्र एडी हॅस्केल दारात उभा राहिला की! वॉलीच्या आईसमोर नुसती साखर, तिच्या कपड्यांचं कौतुक, घराचं कौतुक... आणि तिची पाठ वळली रे वळली की वॉलीच्या धाकट्या भावाला, बीव्हरला छळायला आणि वॉलीला भरीला घालायला मोकळा. गंमत म्हणजे त्या माउलीला हे सोंग पक्कं ठाऊक असतं.

एडी झालेल्या केन ऑस्मंडला ही भूमिका मुळात एकाच भागासाठी मिळाली होती. पुढे तीच अशी चिकटली की दुसरी कामं मिळेनात. मग गडी १९७० मध्ये थेट लॉस एंजेलिस पोलिसांत! कुणी ओळखू नये म्हणून मिशी वाढवली. १९८० मध्ये एका संशयित गाडीचोराच्या मागे धावताना गोळ्या लागल्या. बुलेटप्रूफ जॅकेट आणि पट्ट्याच्या बकलामुळे वाचला. २०२० मध्ये, वयाच्या ७६व्या वर्षी गेला.

आमच्या मालिकेतला सर्वांत चांगला नट तोच, कारण प्रत्यक्षात तो एडीच्या अगदी उलट होता, असं जेरी मॅथर्स म्हणाला होता. म्हणजे पडद्यावरचा खुद्द बीव्हर!