तलंगा पेटीत बसवताना: ऑगस्ट ते डिसेंबरच्या नोंदी

कळप: एप्रिलच्या पिल्लांतल्या 8 कावेरी (सुधारित जात) आणि 4 गावरान तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या, सोबत एक कोंबडा. खुराडं 8 बाय 6 फूट, खाली तुसाची गादी, दिवसा परसात मोकळ्या. ठिकाण कोल्हापूरचा पश्चिम भाग, म्हणजे ऑगस्टमध्ये सगळंच ओलं.

ऑगस्ट, वय 16-17 आठवडे

अंड्याला अजून महिना-दीड महिना आहे, तरी अंडी घालायच्या पेट्या आत्ताच लावायच्या. तलंग जागा शोधते ती पहिल्या अंड्याच्या आधीच. त्या दिवसांत पेटी नसेल तर ती खुराड्याचा अंधारा कोपरा पसंत करते, आणि एकदा कोपरा ठरला की नंतर सागवानी पेटी दिली तरी ढुंकून बघत नाही.

चार-पाच कोंबड्यांना एक पेटी पुरते, म्हणून इथे तीन. टोमॅटोच्या जुन्या कॅरेटच्या केल्या आहेत. कॅरेट साधारण 54 बाय 36 बाय 29 सेंटिमीटरचं असतं. तोंड वर ठेवून 36 ची एक बाजू एक्सॉ ब्लेडने कापायची, खाली 12 सेंटिमीटरचा उंबरठा सोडायचा. उंबरठा कमी ठेवला की पाय झाडताना तूस आणि अंडं दोन्ही बाहेर येतात. कापलेली कड तासून घ्यायची, नाहीतर पोटाची पिसं निघतात. वर प्लायचं झाकण, पण कडेला 5 सेंटिमीटरच्या पट्ट्या ठोकून उचललेलं. नुसत्या 29 च्या उंचीत कावेरीचा तुरा छताला लागतो. झाकण तिरकं, चांगलं 45 अंशांत हवं. सपाट ठेवलं की रात्री त्यावर मुक्काम पडतो आणि सकाळी शिटेचा थर.

कॅरेटच्या जाळीतून उजेड आणि वारा येतो, तो कोंबडीला नको असतो. तिन्ही बाजूंना बाहेरून गोणपाट शिवायचं, वरची दोन बोटं जागा हवेसाठी मोकळी. तोंडावरही गोणपाटाच्या पट्ट्या सोडायच्या आहेत, पण त्या आत्ता नाहीत. आधी आत-बाहेर करून ओळख होऊ द्यायची, मग पडदा.

तेलाचा 15 किलोचा डबा आडवा घालून बरेच जण काम भागवतात. गावरान कोंबडीला तो पुरतो, कावेरीला किंवा गिरिराज या दुसऱ्या सुधारित जातीला अरुंद पडतो, आणि एप्रिल-मे मध्ये पत्रा तापला की कोणीच आत जात नाही.

उंची: पेटीचा तळ जमिनीपासून 45 सेंटिमीटर, समोर उडी मारून टेकायला एक आडवी काठी. झोपायचा बांबू 75 वर. पेटीचा तळ बांबूपेक्षा खालीच हवा, कारण कोंबडी रात्री सर्वांत उंच जागा धरते. प्रत्येकीला 20 सेंटिमीटर बांबू मिळतो ना, हेही मोजायचं. बांबूवर दाटी झाली की ढकललेल्या दोघी-तिघी पेटीत झोपतात, पेटी घाण होते, आणि घाण पेटीत अंडं घालायला दुसरी तयार होत नाही.

आतली गादी. नुसता तूस घातला तर कोंबडी उकरून तळ उघडा पाडते आणि अंडं थेट प्लास्टिकवर आपटतं. म्हणून तळाला गाडीच्या जुन्या रबरी मॅटचा तुकडा, त्यावर तीन बोटं तूस, वर बोटभर लांबीचं कापलेलं पाचट किंवा भाताचा पेंढा, सगळं मिळून 8 ते 10 सेंटिमीटर. पावसाळ्यात पेंढा आधी उन्हात कडक वाळवायचा. बुरशी लागलेला पेंढा हुंगला तरी कळतो. तो कोंबड्यांच्या फुप्फुसाला बाधतो. लाकूडगिरणीतला पिठासारखा भुसा नको, धूळ उडते.

सप्टेंबर, 20 आठवड्यांच्या पुढे

तुरे लाल व्हायला लागले. पाठीवर हात ठेवला की दोन कावेरी पंख थोडे सोडून खाली बसतात. शेपटीखालच्या दोन हाडांमध्ये एक बोट जात होतं तिथे आता दोन जातात. तिसरं बोट मावायला लागलं की अंडं आलंच समजा.

आता प्रत्येक पेटीत एक-एक खोटं अंडं. लाकडाचं किंवा चिनी मातीचं चालतं. टेबल टेनिसचा चेंडू फार हलका, चोचीने बाहेर ढकलला जातो. बारीक भोक पाडून त्यात प्लास्टर ऑफ पॅरिस भरलं की काम होतं. दुसरीने घातलेलं अंडं दिसलं की जागा सुरक्षित आहे, असा कोंबडीचा हिशेब. खरं अंडं ठेवायचा मोह टाळावा: ते फुटतं, आणि फुटलेलं चाखलं की अंडी खायची खोड लागते.

पेटी चांगली करणं हे अर्धं काम. उरलेलं अर्धं म्हणजे बाकीच्या जागा वाईट करणं, आणि नेमकं तेच राहून जातं. कोपऱ्यांत तिरकी फळी किंवा विटा लावायच्या. जमिनीवरची तुसाची गादी या महिन्यात दोन इंचांवर आणायची, जाड आणि मऊ गादी जमिनीवरच बसायचं आमंत्रण देते. सर्वांत अंधाऱ्या कोपऱ्यावरचा एक कौलाचा तुकडा काढून काच बसवली की उजेड पडतो आणि कोपऱ्याचं महत्त्व संपतं.

खाद्य: 17 व्या आठवड्यापासून प्री-लेयर (अंड्यावर येण्याआधीचं खाद्य), पहिलं अंडं दिसलं की लेयर मॅश (अंड्यावरच्या कोंबडीचं खाद्य), दिवसाला कोंबडीमागे 100 ते 120 ग्रॅम. त्याआधी लेयर मॅश देऊ नये, जादा कॅल्शियम वाढत्या तलंगेच्या मूत्रपिंडावर जातं. दुकानात ‘अंडी वाढवायचं टॉनिक’ म्हणून जे विकतात त्यावर पैसे घालण्यापेक्षा शिंपल्यांचा चुरा आणावा. एका कवचात साधारण 2 ग्रॅम कॅल्शियम असतं. कोंबडी खाल्लेल्यातलं निम्मंच अंगी लावते, म्हणजे रोज सुमारे 4 ग्रॅम पोटात जायला हवं. 3.5 टक्के कॅल्शियमच्या मॅशमधून ते मिळतं, पण शिळा भात आणि भाकरीचे तुकडे जास्त झाले की हिशेब कोसळतो. चुरा वेगळ्या वाटीत, तोही संध्याकाळी भरलेला, कारण कवच मुख्यतः रात्रीच चढतं.

ऑक्टोबर, पहिली अंडी

पहिलं अंडं एका कावेरीचं, मधल्या पेटीत. पुढची तीनही मधल्याच पेटीत. तीन पेट्या असून एकीतच रांग लागते, यात विशेष काही नाही. तरी तीन पेट्या हव्यातच, कारण दोघी एकत्र घुसल्या की खालचं अंडं तडकतं. मधलीच का, तर कडेच्या एका पेटीवर सकाळचं ऊन येत होतं. तिथे आता पडदा सोडला आहे.

एक तलंग पाण्याच्या भांड्यामागे जमिनीवर बसते. अशी जमिनीवरची अंडी दिसताक्षणी उचलायची, जागा झाडून तिथे राखेचा सडा घालायचा; वास आणि खुणा राहिल्या तर दुसऱ्याही तिथेच जातात. सकाळी उजाडल्यावरचे पहिले चार-पाच तास महत्त्वाचे, बहुतेक अंडी त्याच वेळात पडतात. कोंबडी गळ्यातून लांब आवाज काढत, मान पुढे करून कोपरे हुंगत फिरायला लागली की तिला अलगद उचलून पेटीत ठेवायची आणि तोंडाशी हात धरून दोन-तीन मिनिटं थांबायचं. मात्र ती बसून कळा देत असेल तर हलवू नये. बिचकलेली कोंबडी अंडं रोखून धरते, आणि मग कवच वेडंवाकडं होतं.

मोकळ्या सोडलेल्यांची गोष्ट वेगळी. चौघींपैकी दोन गावरान तलंगांचे तुरे लाल आहेत, पण अंडं नाही. मग त्या बाहेर घालतायत असंच धरायचं. सरपणाची रास, केळीचा गड्डा, गवताच्या गंजीची मागची बाजू, हे आधी बघायचं. सरपणाखाली सात अंडी निघाली. कधीची आहेत कळायला पाण्याच्या भांड्यात सोडायची: आडवं बुडलं ते ताजं, उभं राहिलं ते जुनं, तरंगलं ते फेकायचं. उपाय एकच, आठ-दहा दिवस खुराडं सकाळी दहा-साडेदहाशिवाय उघडायचं नाही. आत खाद्य-पाणी भरपूर ठेवायचं, एरवी तहानेनेच अंडी बंद होतील.

अंडी दिवसातून दोनदा उचलायची, दुसरी फेरी दुपारी. रात्री अंडं राहिलं की घूस येते, आणि घुशीच्या मागे साप.

नोव्हेंबर

दोन अंडी फुटलेली, बलक गायब. खाणारी शोधायची तर चोचीला आणि तुऱ्याला सुकलेला पिवळा डाग दिसतो. तिला लगेच कापायला काढू नये, बहुतेक वेळा कारण पेटीत असतं. इथे तूस उडून मॅट उघडी पडली होती. गादी पुन्हा भरली, पडदा आणखी दोन बोटं खाली घेतला. अंधारात कोंबडी टोचत नाही. तरी खोड राहिली तर घरंगळती पेटी: तळाला 30 सेंटिमीटरमागे 4 सेंटिमीटर उतार, वर पातळ मॅट, मागे झाकलेलं खण. यापेक्षा जास्त उतार दिला की पाय घसरतो आणि कोंबडी पेटी सोडते.

पेटीत शिट वाढली. एक जण रात्री तिथे झोपते. दुपारी चारनंतर पेट्यांच्या तोंडाला फळी लावायची आणि अंधार पडून सगळ्या बांबूवर बसल्या की काढायची. आठवडाभरात सवय सुटते.

कोंबड्या अचानक पेटी टाळायला लागल्या तर रात्री टॉर्च घेऊन पेटीच्या सांध्यांत आणि बांबूच्या टोकांशी बघावं. दिवसा फटींत लपणारे, रात्री रक्त पिऊन लाल होणारे टाचणीच्या टोकाएवढे किडे तिथे सापडतात. निरगुडीचा आणि कडुनिंबाचा पाला गादीत घालावा, पण एवढ्याने ते जात नाहीत. सगळी गादी जाळून टाकायची, फटींत उकळतं पाणी ओतायचं, उन्हात वाळवायचं, आणि आठवड्याने परत तेच, कारण अंड्यांतून नवी पिढी निघते.

डिसेंबर

दिवस सुमारे 11 तासांवर आला, अंडी कमी झाली. 14 तास उजेड हवा. वाढीव उजेड पहाटे द्यायचा, संध्याकाळी नाही. संध्याकाळी दिवा पटकन बंद झाला की कोंबड्या अंधारात बांबू शोधत धडपडतात. 5 वॅटचा पिवळसर एलईडी आणि टायमर, आठवड्याला अर्धा तास वाढवत पहाटे चारपर्यंत. दिवा बांबू आणि खाद्यावर पडावा, पेट्यांच्या तोंडावर नाही.

एक गावरान खुडूक झाली आहे: पेटी सोडत नाही, हात नेला की फुगते. रवण, म्हणजे अंडी उबवायला, बसवायची नसेल तर तिला जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात, गादीशिवाय, खाद्य-पाण्यासह तीन-चार दिवस ठेवायचं. पोटाखाली वारा लागला की उतरते. बसवायची असेल तर हवा सध्या उत्तम, पण पेटीत नको. बाकीच्या तिच्यात घुसून नवी अंडी घालतात आणि 21 दिवसांचा हिशेब बिघडतो. रात्री अंधारात उचलून वेगळ्या खोलीत, पेंढा घातलेल्या टोपलीत, आधी एक दिवस खोट्या अंड्यांवर बसवायचं. टिकली तर दुसऱ्या रात्री 10 ते 12 अंडी खाली सरकवायची आणि वर डालगं झाकायचं. सकाळी पंधरा-वीस मिनिटं उठवून खायला, प्यायला आणि शिटायला सोडायची.