स्टँडर्डचे पिस्टन

रविवार, रात्री उशिरा

आज अखेर आमच्या जुन्या प्रीमियर पद्मिनीच्या इंजिनाचे चारही पिस्टन हातात आले. स्टँडर्ड साइजचे, म्हणजे कंपनीच्या मूळ मापाचे, एकाच सेटचे, पिन आणि रिंगांसकट. अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये मामांनी, आमच्या मेकॅनिकनी, पेटी उघडली आणि तेलकट ब्राऊन पेपर सोडवून पहिला पिस्टन बाहेर काढला. हात पुसले, मायक्रोमीटर घेतला आणि पिनच्या काटकोनात, स्कर्टच्या, म्हणजे पिस्टनच्या खालच्या भिंतीच्या, खालच्या बाजूला माप धरलं. असंच चारही पिस्टनचं. प्रत्येक माप खडूने शटरवर लिहिलं. मग म्हणाले, "आता ब्लॉक सोडू या मशीनवर. आता भीती नाही."

आमची पद्मिनी अण्णांनी घेतलेली. इंजिन १०८९ सीसीचं, ६८ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास), ७५ मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टनची धाव). खोललं तेव्हा जुन्या पिस्टनच्या माथ्यावर, काजळी खरवडल्यावर, ४० हा आकडा दिसला. म्हणजे मागे कधीतरी बोअर चाळीस थाऊने (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), साधारण एक मिलिमीटरने, वाढवून झालेलं. वर तिसऱ्या सिलिंडरला उभे ओरखडे, नख अडकेल इतके खोल. बोअर आणखी वाढवून साठ थाऊचे पिस्टन शोधावेत असं सगळे सांगत होते. पण साठचे आज मिळणं मुश्कील, आणि मिळाले तरी भिंती आणखी पातळ करायच्या. सोलापूरच्या उन्हात, एप्रिल-मेमध्ये, त्या इंजिनाने थंड राहावं अशी अपेक्षा मग कुठल्या तोंडाने करायची?

मामांचं म्हणणं पहिल्यापासून एकच होतं: "आधी पिस्टन आणा की मालक, मग बोरिंगचं बघू. ब्लॉक एकदा कापला की कापला." मला हे शंभर टक्के पटलं. जुन्या इंजिनात काय मशीनकाम करायचं हे बाजारात कुठला पार्ट शिल्लक आहे त्यावर ठरतं. चारही सिलिंडरला स्लीव्ह, म्हणजे बिडाची नळी, आतून ठोकून मूळ मापावर यायचं, कारण जो काही माल अजून सापडतो तो बहुतेक स्टँडर्डचा. आणि स्लीव्हचं शेवटचं माप पिस्टन मोजल्याशिवाय काढायचं नाही. अॅल्युमिनियमचा पिस्टन बिडाच्या स्लीव्हपेक्षा जास्त फुगतो. त्याच्यासाठी सोडायची जागा मिलिमीटरच्या काही शतांशांची, डोक्यावरच्या केसापेक्षाही बारीक. ती कमी पडली तर इंजिन जाम, जास्त झाली तर गार इंजिनात पिस्टन वाजणार आणि तेल जळणार. कॅटलॉगमधल्या आकड्यावर भरवसा ठेवून हे काम होत नाही.

पिस्टन कुठून आले ते लिहून ठेवतो. पुण्यात नाना पेठेत विचारून झालं होतं, मुंबईत ऑपेरा हाउसकडच्या दुकानांतही. एका ठिकाणी "सेम टू सेम" म्हणून जे दाखवलं, त्यात पिनपासून माथ्यापर्यंतची उंचीच वेगळी होती. तसे बसवले असते तर कॉम्प्रेशनचं गणितच बिघडलं असतं. शेवटी ओळखीतून मुंबईचे एक निवृत्त टॅक्सीवाले काका सापडले. त्यांनी पुढच्या इंजिनकामासाठी सेट घेऊन ठेवला होता, पण त्याआधीच टॅक्सीची मुदत संपली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरमध्ये नोंदलेली. २० वर्षांची मर्यादा भरून ती २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. आपल्याकडच्या हौशी गाड्यांना इतकी वर्षं पार्ट मिळत होते ते या टॅक्स्यांच्या जिवावर. रोज धावणारी गाडी असेल तरच दुकानदार माल भरतो. काकांनी भावावरून घासाघीस केलीच नाही. फोनवर एवढंच विचारलं, "चालवणार ना? की नुसती उभी करून फोटो काढणार?" चालवणार म्हटलं. मग त्यांनी सेट सिद्धेश्वर एक्स्प्रेसने येणाऱ्या एका भाच्याकडे दिला.

क्रँकशाफ्टचंही तसंच. त्याचे जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारे भाग, दहा थाऊ ग्राइंड करावे लागणार, म्हणून बेअरिंगही दहा अंडरसाइजचे हवेत. तीन मेन (क्रँकशाफ्ट धरणारे) आणि चार बिग एंड (कनेक्टिंग रॉडचे). ते मिळालेत, बेअरिंगच्या प्रत्येक शेलच्या (अर्ध्या वाटीच्या) पाठीवर ०१० वाचून घेतलं. डब्यावरचं लेबल बघून नाही, पाठीवरचा आकडा बघूनच.

एक गोष्ट मी आता पक्की धरलीय. धातूचा जुना स्टॉक बिनधास्त घ्यावा, रबराचा कधीच नाही. कितीही ओरिजिनल पाकीट असू दे, आतला ऑइल सील कडक झालेला असतो. गाडीतल्या पेट्रोल पंपाचा डायफ्राम (आतला रबरी पडदा) तर नवाच, आणि आताच्या पेट्रोलला टिकणारा. त्यातलं २० टक्के इथेनॉल जुन्या रबराला मानवत नाही. इथेनॉल उसापासूनचं आणि ऊस आपल्याच जिल्ह्यातला, तेव्हा त्याच्याशी जमवून घेणं आलंच.

व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट वाचला, बदलावा लागला नाही, याचा आनंद वेगळाच. प्रिसिजन कॅमशाफ्ट्स आपल्या सोलापूरची, इथले कॅमशाफ्ट परदेशी गाड्यांत बसतात. पण एका पद्मिनीसाठी एक नग कुठला कारखाना काढणार? तिथे छोटे लेथवालेच कामी येतात. व्हॉल्व्ह गाइड, म्हणजे व्हॉल्व्ह ज्यात सरकतो ती नळी, शेजारच्या गाळ्यात बिडाच्या बारमधून काढून घेतोय. त्या मुलाने जुना गाइड मागितला, आतून-बाहेरून मोजला आणि न विचारता सांगितलं की हा एका बाजूने झिजलाय, माप दुसऱ्या बाजूने घेतो. वयाने विशीतला असेल. असं काम करणाऱ्याला दोन पैसे जास्त द्यायला मला आनंदच वाटतो.

अण्णा संध्याकाळी शेडवर आले होते. ब्लॉकवर हात ठेवून म्हणाले, "ही गाडी काढणारी कंपनी वालचंद शेठजींची. आपल्या सोलापूरचे ते." खरंच आहे. वालचंद हिराचंद यांचा जन्म इथलाच, १८८२ चा. प्रीमियर ऑटोमोबाइल्स त्यांनी १९४४ मध्ये काढली, पुढे कारखाना कुर्ल्यात. अण्णांना हे प्रत्येकाला सांगायला आवडतं, आणि मलाही ऐकायला आवडतं.

उद्या ब्लॉक स्लीव्हिंगला जाईल. परत आला की प्रत्येक रिंग तिच्याच सिलिंडरमध्ये सरकवून, पिस्टन उलटा धरून ती सरळ करून, फिलर गेजने तोंडाची फट बघायची. पाव मिलिमीटरच्या आसपास हवी. वॉटर पंपाचा इम्पेलर, म्हणजे पाणी फिरवणारा पंखा, अजून मिळायचाय. बार्शीत एका बंद गॅरेजात पद्मिनीचा पंप पडून आहे असं कळलंय, मंगळवारी फोन करतो.